अल्झायमरच्या मेंदूपेशींमधली जनुकं मोजताना: सार्वजनिक डेटापासून टिकणाऱ्या यादीपर्यंत

अल्झायमरचा सिंगल-न्यूक्लियस आरएनए डेटा, म्हणजे एकेका पेशीच्या केंद्रकातल्या आरएनएची जनुकागणिक मोजणी, आज घरबसल्या उतरवून घेता येतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टपासून पीएचडीच्या पहिल्या प्रकरणापर्यंत तो सर्रास वापरला जातो आणि चूकही सर्रास एकाच जागी होते. फाइल उतरवायची, क्लस्टरचं (सारख्या पेशींच्या गटांचं) रंगीत चित्र काढायचं, रोगी आणि निरोगी पेशींची थेट तुलना लावायची, तीन-चार हजार जनुकांची यादी आली की खूश व्हायचं. ही केंद्रकं मुळात किती माणसांची होती, हे मात्र परीक्षकाने विचारल्यावर शोधायला घ्यायचं.

यात फक्त नवशिकेच सापडतात असंही नाही. २०१९ साली 'नेचर'मध्ये आलेल्या या विषयावरच्या पहिल्या मोठ्या अभ्यासात ४८ व्यक्तींच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधली ८०,६६० केंद्रकं होती. २०२३ साली मर्फी, फॅन्सी आणि स्कीन यांनी तोच डेटा नव्याने साफ केला आणि केंद्रकाऐवजी व्यक्ती हे एकक धरून तपासला. तेव्हा बदललेली म्हणता येतील अशी जनुकं ५४९ पटींनी कमी निघाली.

खालचा क्रम एका खऱ्या डेटासेटवर बेतलेला आहे: जिओ (जीईओ) या सार्वजनिक जनुक-डेटा भांडारातला जीएसई१४७५२८, २०२१ साली 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेला. १० पुरुष, ब्राक टप्पे (टाऊ प्रथिनाचे गुंते मेंदूत किती पसरले याच्या पायऱ्या) ०, २ आणि ६, प्रत्येकाच्या मेंदूतले दोन भाग (एन्टोरायनल कॉर्टेक्स आणि सुपीरियर फ्रंटल गायरस) आणि मिळून लाखाच्या आसपास केंद्रकं. शिकायला हा उत्तम, कारण आकार आवाक्यातला आहे आणि बहुतेक सगळे सापळे त्यात आहेत.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

कॉम्प्युटर उघडण्याआधी. "अल्झायमरमध्ये कोणती जनुकं बदलतात?" हा प्रश्न नाही, विषय झाला. वाक्यात चार गोष्टी हव्यात: कोणती पेशी, मेंदूचा कोणता भाग, कोणाची कोणाशी तुलना, आणि रोग कशावरून ठरवला. उदाहरणार्थ: "एन्टोरायनल कॉर्टेक्समधल्या ॲस्ट्रोसाइटमध्ये ब्राक ० आणि ब्राक ६ यांच्यात कोणत्या जनुकांची अभिव्यक्ती बदलते?" (ॲस्ट्रोसाइट म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी.)

चौथ्या गोष्टीवर जास्त घोळ होतो. डॉक्टरांचं निदान, टाऊच्या गुंत्यांवरून ठरणारा ब्राक टप्पा आणि अमिलॉइड प्लाकची (अमिलॉइड प्रथिनाच्या साठ्यांची) मोजणी ही तीन वेगवेगळी मापं आहेत. प्लाक भरपूर पण शेवटपर्यंत स्मृती शाबूत, अशी वयस्कर माणसं कमी नाहीत. ब्राक २ ची व्यक्ती हयातीत पूर्ण ठणठणीत असू शकते. एका डेटासेटमधले "रोगी" निदानावरून आणि दुसऱ्यातले ब्राकवरून घेतले, तर पुढे दोघांची यादी जुळली नाही म्हणून आश्चर्य वाटायला नको.

## टप्पा २: डोनरचा तक्ता आधी, मॅट्रिक्स नंतर

मॅट्रिक्स म्हणजे कोणत्या केंद्रकात कोणतं जनुक किती मोजलं त्याचा तक्ता. तो उघडण्याआधी डोनरचा, म्हणजे ज्यांचा मेंदू मिळाला त्या व्यक्तींचा, तक्ता करा. एका डोनरला एक ओळ. रकाने असे: डोनरचा क्रमांक, वय, लिंग, अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या एपीओई जनुकाचा प्रकार, ब्राक टप्पा, निदान, मृत्यूनंतर ऊती काढेपर्यंतचे तास, आरएनएची प्रत दाखवणारा आरआयएन, कोणत्या ब्रेन बँकेतून आलं, कोणत्या बॅचमध्ये सिक्वेन्सिंग झालं. काही माहिती जिओवर मिळेल, काही शोधनिबंधाच्या पुरवणी तक्त्यांत. जिथे मिळणार नाही तिथे रकाना रिकामा ठेवा, पण ठेवा.

मग प्रत्येक रकाना रोगगटासमोर मांडून बघा. आपल्या उदाहरणातले मेंदू दोन बँकांमधून आलेले आहेत, एक कॅलिफोर्नियातली आणि एक साओ पावलोमधली. कोणत्या टप्प्याचे डोनर कोणत्या बँकेचे, हे मोजायला पाच मिनिटं लागतात. एका गटाचे सगळे एकाच बँकेचे निघाले, तर बँकेचा परिणाम आणि रोगाचा परिणाम वेगळे करणारं सॉफ्टवेअर जगात नाही. "बॅच करेक्शन केलं" असं लिहून हा प्रश्न सुटत नाही. उलट कधी कधी त्यातून खरा फरक पुसला जातो.

तपासा: तक्त्यातलं लिंग आणि डेटातलं लिंग जुळतं का? एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांच्या पेशींत भरपूर दिसतं, तर यूटीवाय आणि डीडीएक्स३वाय हे वाय गुणसूत्रावरचे. आपल्या डेटासेटमध्ये सगळे पुरुष आहेत, म्हणजे एखाद्या सॅम्पलमध्ये एक्सआयएसटी लखलखत असेल तर लेबलांची अदलाबदल झाली आहे, तीही बहुधा तुमच्याच कोडमध्ये.

सावध: सायनॅप्स नावाच्या डेटा-पोर्टलवरचे रॉसमॅपसारखे (अमेरिकेतल्या वृद्धांच्या अभ्यासाचे) डेटासेट परवानगीनेच मिळतात. अर्ज, संस्थेची सही, वाट पाहणं या सगळ्याला वेळ धरा. मिळालेला डेटा मित्राच्या ड्राइव्हवर किंवा कुठल्याशा मोफत ऑनलाइन साधनावर चढवायचा नसतो. करारावर सही तुमची आणि गाइडची असते.

## टप्पा ३: हातात नेमकं काय आहे ते समजून घ्या

गोठवलेल्या मेंदूतून अख्ख्या पेशी सुटत नाहीत, फुटतात. म्हणून केंद्रकं काढतात. याचे तीन परिणाम लक्षात ठेवायचे.

पहिला: केंद्रकातला बराच आरएनए अजून कापला-जोडलेला नसतो, त्यामुळे इन्ट्रॉनवरचे (पुढे कापून टाकल्या जाणाऱ्या भागांवरचे) रीड, म्हणजे सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे, हेही मोजायलाच हवेत. सेल रेंजर या मोजणीच्या सॉफ्टवेअरच्या ७ व्या आवृत्तीपासून हे आपोआप होतं, आधीच्या आवृत्त्यांत सांगावं लागत असे. एका डेटासेटची मोजणी जुन्या पद्धतीची आणि दुसऱ्याची नवी असेल, तर दोन्ही एकत्र करू नका. फास्टक्यूपासून (सिक्वेन्सरच्या कच्च्या फाइलींपासून) पुन्हा मोजा.

दुसरा: मायटोकॉन्ड्रिया केंद्रकाबाहेर असतो, म्हणून त्याच्या आरएनएचं प्रमाण इथे अगदी थोडं असायला हवं. अख्ख्या पेशींच्या ट्युटोरियलमधली १० किंवा २० टक्क्यांची मर्यादा इथे चिकटवू नका. ५ टक्के हीसुद्धा सैल मर्यादा आहे.

तिसरा आणि सगळ्यात दुर्लक्षित: काही जनुकांचा आरएनए मुख्यतः पेशीद्रवात असतो. मायक्रोग्लियाच्या (मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशींच्या) सक्रियतेशी जोडलेली एपीओई, सीएसटी३, एसपीपी१, सीडी७४ ही जनुकं माणसाच्या केंद्रकांत प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात, असं २०२० साली दाखवलं गेलं. तेव्हा "मायक्रोग्लियात एसपीपी१ वाढलं नाही" हे वाक्य या डेटावरून लिहू नये. दिसलं नाही, एवढंच लिहावं.

मेमरीबद्दल एक हिशेब. लाख केंद्रकं गुणिले ३३ हजार जनुकं, प्रत्येक आकड्याला ८ बाइट: साधारण २६ जीबी. १६ जीबीचा लॅपटॉप तिथेच मान टाकतो. मॅट्रिक्स स्पार्स स्वरूपात (फक्त शून्य नसलेले आकडे साठवून) ठेवा आणि ते पसरवणारी आज्ञा कोडमध्ये कुठे लपलेली नाही ना, बघा.

## टप्पा ४: साफसफाई, एकेका लायब्ररीची वेगळी

लायब्ररी म्हणजे सिक्वेन्सिंगसाठी एकत्र तयार केलेला एक नमुना. क्रम असा: आधी तरंगत्या (फुटलेल्या पेशींतून सांडलेल्या) आरएनएची दुरुस्ती, मग निकृष्ट केंद्रकं काढणं, मग डबलेट (एक समजून मोजलेली दोन केंद्रकं) शोधणं आणि त्यानंतरच सगळ्या लायब्ररी एकत्र करणं. डबलेट एकाच लायब्ररीत तयार होतात. सगळं एकत्र करून मग स्क्रबलेट हे डबलेट शोधणारं साधन चालवणं निरर्थक आहे, तरी ते नेहमी दिसतं.

तरंगत्या आरएनएकडे मात्र नीट थांबून बघायला हवं. ऊती फोडताना उत्तेजक चेतापेशींचा आरएनए द्रावणात सांडतो, कारण त्यांच्यात तो सर्वाधिक असतो. मग एकेक केंद्रक ज्या थेंबात पकडतात, त्या प्रत्येक थेंबात तो शिरतो. समजा ऑलिगोडेंड्रोसाइटच्या (चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींच्या) यादीत वरच्या दहात एसएनएपी२५, एसवायटी१, एनआरजीएन, सीएएमके२ए ही सायनॅप्सची, म्हणजे चेतापेशींमधल्या जोडांची, जनुकं आली. घाईतला विद्यार्थी लिहितो, "ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये सायनॅप्सची जनुकं घटली." प्रत्यक्षात ती जनुकं त्या पेशींची नव्हतीच. रोगी मेंदूत चेतापेशी कमी किंवा वेगळ्या प्रमाणात फुटल्या, सांडलेला आरएनए कमी झाला, आणि ती घट सगळ्यांच्या नावावर चढली. सेलबेंडर किंवा सूपएक्स वापरून ही भेसळ बरीच कमी होते. पण दोन्हींना रिकाम्या थेंबांसकट असलेला कच्चा मॅट्रिक्स हवा. जिओवर फक्त गाळलेला मॅट्रिक्स असेल, तर फास्टक्यूपासून सुरुवात करा.

तपासा: एकच जनुक पाच-सहा पेशीप्रकारांत एकाच दिशेने बदललेलं दिसतंय का? जीवशास्त्र म्हणण्याआधी भेसळ म्हणा.

सावध: "किमान १००० जनुकं दिसली तरच केंद्रक ठेवा" अशी एकच चाळणी सगळ्यांना लावू नका. चेतापेशीच्या केंद्रकात हजारो जनुकं दिसतात, मायक्रोग्लियात शेकड्यांत. या चाळणीने मायक्रोग्लिया गळून जातात आणि मग "मायक्रोग्लिया फारच थोडे मिळाले" अशी तक्रार करायची वेळ येते. आधी सैल चाळणी, ढोबळ नावं, मग पेशीप्रकारानुसार घट्ट चाळणी.

## टप्पा ५: पेशींना नावं देणं

ढोबळ नावांसाठी ठरलेली जनुकं पुरतात. उत्तेजक चेतापेशींना एसएलसी१७ए७, दाबणाऱ्यांना जीएडी१ आणि जीएडी२, ॲस्ट्रोसाइटना एक्यूपी४, ऑलिगोडेंड्रोसाइटना एमबीपी आणि एमओबीपी, त्यांच्या पूर्वपेशींना पीडीजीएफआरए, मायक्रोग्लियाला सीएसएफ१आर, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सीएलडीएन५.

जीएफएपी आणि पी२आरवाय१२ या यादीतून मुद्दाम वगळले आहेत. जीएफएपी अल्झायमरमध्ये स्वतःच वाढतं. पी२आरवाय१२ हे शांत मायक्रोग्लियाचं जनुक, प्लाकभोवती जमलेल्या मायक्रोग्लियात ते घटतं. जे बदल शोधायला निघालात त्यांच्यावरूनच पेशी निवडल्या, तर बदललेल्या पेशी निवडीतच गळतात.

हार्मनी किंवा एससीव्हीआय या साधनांनी केलेलं वेगवेगळ्या नमुन्यांचं एकत्रीकरण फक्त नावं देण्यापुरतं. त्यातून आलेले दुरुस्त आकडे पुढच्या तुलनेत वापरायचे नाहीत. तसंच, क्लस्टर ज्या जनुकांवरून पाडले त्याच जनुकांची क्लस्टरांमधली पी-व्हॅल्यू छापू नका. ती लहान येणारच, तिच्यासाठीच तर क्लस्टर पाडले.

## टप्पा ६: कोण उरलं, ते अभिव्यक्तीच्या आधी मोजा

अल्झायमरमध्ये काही पेशी बदलतात आणि काही मरतात. अख्ख्या ऊतीवरच्या जुन्या अभ्यासांत सायनॅप्सची जनुकं घटलेली दिसत, त्यातला एक भाग निव्वळ चेतापेशी कमी झाल्याचा होता. एकेका केंद्रकाच्या डेटातही हा प्रश्न मिटत नाही, फक्त एक पायरी खाली सरकतो. "उत्तेजक चेतापेशी" या एका पिशवीत अनेक उपप्रकार असतात. जीएसई१४७५२८ च्या अभ्यासात एन्टोरायनल कॉर्टेक्समधले आरओआरबी व्यक्त करणारे काही उपप्रकार ब्राक २ लाच निम्म्याच्या आसपास घटलेले आढळले. अशा वेळी अख्ख्या पिशवीची तुलना केलीत, तर आरओआरबी "घटलेलं जनुक" म्हणून यादीत येईल. कोणत्याही पेशीत ते घटलेलं नसतानाही.

म्हणून आधी उपप्रकारांची प्रमाणं काढा, डोनरनिहाय. एकूण केंद्रकांत प्रमाण काढलं तर ऑलिगोडेंड्रोसाइट घोटाळा करतात: ऊतीचा तुकडा कापताना पांढरा भाग थोडा जास्त आला की त्यांचा वाटा वाढतो आणि बाकी सगळ्यांचा आपोआप घटतो. त्यात रोगाचा काही हात नसतो. चेतापेशीच्या उपप्रकाराचं प्रमाण चेतापेशींतच काढा. चाचणीसाठी प्रोपेलर किंवा एससीकोडा वापरा, पण १० डोनर असतील तर आधी दहा ठिपक्यांचा आलेख काढा. बऱ्याचदा चाचणीची गरजच उरत नाही.

## टप्पा ७: डोनरनिहाय बेरीज आणि तुलना

शितावरून भाताची परीक्षा होते, पण एकाच पातेल्यातली दहा हजार शितं चाचपून गावातल्या दहा घरांचा भात कळत नाही. एका मेंदूतली दहा हजार केंद्रकं एकाच माणसाचं वय, जनुकं, शेवटचं आजारपण आणि एकाच फ्रीजरचा इतिहास घेऊन येतात. त्यांना दहा हजार स्वतंत्र नमुने मानणारी विलकॉक्सन चाचणी हास्यास्पद पी-व्हॅल्यू देते.

१. पेशीप्रकार आणि मेंदूचा भाग निवडा. प्रत्येक डोनरच्या त्या केंद्रकांच्या कच्च्या मोजणीची (पूर्णांकांची) जनुकागणिक बेरीज करा. याला सूडोबल्क म्हणतात. लॉग घेतलेले, प्रमाणित केलेले आकडे बेरजेत घेऊ नका.

२. ज्या डोनरची त्या प्रकारची केंद्रकं दहा-वीसही नाहीत, त्याला त्या तुलनेतून वगळा आणि ते नोंदवा.

३. फार कमी मोजणी असलेली जनुकं काढा. एजआर या सॉफ्टवेअरमधली नेहमीची चाळणी पुरते.

४. डीईसेक२, एजआर किंवा लिमा-वूम चालवा. कोणतं चांगलं यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, तिघांत फारसं बिघडत नाही.

मॉडेलमध्ये काय घालायचं? दहा डोनरांत रोगगटाशिवाय एखादा घटक मावतो. वय, तास, आरआयएन, बॅच, बँक असं सगळं कोंबलंत तर अंदाजाला जागाच उरत नाही. टप्पा २ चा तक्ता इथे कामी येतो: गटांत ज्याचा फरक सर्वाधिक, तो एक घटक घ्या. सगळे पुरुष असल्याने लिंगाचा प्रश्न नाही. पण म्हणूनच निष्कर्षही पुरुषांपुरता. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया असतात हे ध्यानात घेतलं, तर ही छोटी मर्यादा नव्हे.

सावध: दोन भागांची मिळून २० सॅम्पल झाली तरी माणसं १० च. दोन्ही भाग वेगवेगळे तपासा, किंवा डोनर हा यादृच्छिक घटक धरणारं ड्रीमलेटसारखं मॉडेल वापरा. ब्राक टप्पा ०, २, ६ हा सरळ आकडा म्हणूनही घालू नका. दोनपासून सहापर्यंतचं अंतर शून्यापासून दोनपर्यंतच्या तिप्पट नाही नि दुप्पटही नाही, ती फक्त क्रमाने लावलेली नावं आहेत.

यादी आली की दोन परीक्षा घ्या. पहिली, डोनरांची रोग-निरोग लेबलं पत्त्यांसारखी पिसा आणि तोच कोड पुन्हा चालवा, असं अनेकदा. बहुतेक वेळा शून्याजवळ जनुकं यायला हवीत. शेकड्यांनी येत असतील तर कुठेतरी अजून केंद्रकंच मोजली जात आहेत. दुसरी, एकेक डोनर वगळून चालवा. एका माणसाला वगळल्यावर वरची जनुकं गायब होत असतील, तर तुम्ही अल्झायमर मोजला नाही, त्या गृहस्थाला मोजलं.

या दोन्हीनंतर यादीत फारच थोडी जनुकं उरतात. ब्राक ० आणि ब्राक ६ चे तीन विरुद्ध तीन डोनर असताना दुसरं काही अपेक्षितही नाही. तेव्हा पुन्हा मागे जाऊन पेशींची चाचणी लावायचा मोह होतो. त्याऐवजी सगळ्या जनुकांच्या बदलाचा आकार आणि त्याची अनिश्चितता जपून ठेवा, टप्पा ९ मध्ये ती लागणार आहे.

## टप्पा ८: यादी वाचताना

कोणत्या पेशीत किती जनुकं बदलली यावरून कोणती पेशी "सर्वाधिक बाधित" हे ठरत नाही. जिची केंद्रकं जास्त, तिची यादी लांब.

एफओएस, जेयूएन, एचएसपीए१ए असली जनुकं वर दिसली तर मरणापूर्वीचे तास, ताप, ऊती काढायला लागलेला वेळ यांच्याकडे आधी बोट दाखवा.

दिशा पेशीगणिक वाचा. २०१९ सालच्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांत एपीओई ॲस्ट्रोसाइटमध्ये घटलेलं आणि मायक्रोग्लियात वाढलेलं दिसलं. अख्ख्या ऊतीत हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. तुमच्या यादीत उलट येत असेल तर चूकच असेल असं नाही, पण टप्पा ४ पुन्हा बघा.

पाथवे (एकत्र काम करणाऱ्या जनुकांचे संच) तपासताना पार्श्वभूमी म्हणून मानवी जीनोममधली सगळी जनुकं देऊ नका. त्या पेशीत मोजता आलेलीच द्या. नाहीतर चेतापेशींच्या कुठल्याही यादीतून "सायनॅप्स" निघतं. रँडम यादीतूनही.

उंदरांशी तुलना करताना हात आखडता ठेवा. रोगाशी निगडित मायक्रोग्लियाची, म्हणजे डॅमची, प्रसिद्ध ओळख २०१७ साली ५एक्सएफएडी उंदरांत पटली. त्या उंदरांत अमिलॉइड आहे, टाऊचे गुंते नाहीत. माणसातली यादी तिच्याशी अर्धवटच जुळते.

आणि यादी एक्सेलमध्ये उघडू नका. मार्च१ आणि सेप्ट२ ची तारीख होते. २०२० साली ही नावं अधिकृतरीत्या बदलली, पण जुन्या फाइली जुन्याच आहेत.

## टप्पा ९: दुसऱ्या डेटात ताडून बघणं आणि लिहिणं

ताडून बघायला सिएटलचा एसईए-एडी हा खुला संच सोयीचा: ८४ डोनर, मिडल टेम्पोरल गायरस. मेंदूचा भाग वेगळा आहे, हे विसरू नका. प्रश्न असा विचारा: माझ्या वरच्या पन्नास जनुकांपैकी किती तिकडे त्याच दिशेने बदलतात? पी-व्हॅल्यूंच्या दोन याद्यांचे वर्तुळांतले छेद काढण्यापेक्षा बदलाच्या आकारांचा साधा आलेख जास्त सांगतो. पेशींची नावं दोन्हीकडे एकाच संदर्भ-नकाशावरून दिलेली असू द्या, नाहीतर तुलना नावांची होते.

लिहिताना क्रियापदं सांभाळा. मेंदू मृत्यूनंतरचा आहे, प्रत्येक डोनर एकाच क्षणी पाहिलेला. "ब्राक ० ते ६ जाताना जनुक वाढतं" असं कोणी पाहिलेलं नाही, वेगवेगळी माणसं शेजारी मांडली आहेत. वाढ रोगाचं कारण, परिणाम की बचाव, हे या डेटातून निघत नाही.

डोनर कोण, हेही लिहा. रॉसमॅपचे बरेच सहभागी अमेरिकेतल्या कॅथलिक जोगिणी, पाद्री आणि शिकागो परिसरातले वृद्ध आहेत. बंगळुरूच्या निमहान्समध्ये मानवी मेंदूऊतींचं संग्रहालय आहे, पण या लेखातले सगळे मोठे संच बाहेरचे आहेत. "भारतीय रुग्णांमध्येही" हे शब्द प्रबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात सवयीने घुसतात, ते खोडा.

प्रत्येक आकृतीखाली त्या पेशीप्रकारासाठी प्रत्येक गटात प्रत्यक्ष किती डोनर उरले, तो आकडा छापा. केंद्रकांचा आकडा त्याच्यानंतर.